स्थानिक आर्थिक विकासाचे सिद्धांत: आराखड्यात कधी, कुठे आणि कोणत्या क्रमाने वापरायचे

स्थानिक विकास आराखड्याचा मसुदा वाचायला आला की मी दुसरं प्रकरण सोडून थेट शेवटचं उघडतो. दुसऱ्यात सिद्धांत असतात: आर्थिक पाया, विकास ध्रुव, क्लस्टर, मध्यवर्ती स्थान, एकेकाला एक पान. शेवटच्यात कामांची यादी असते: औद्योगिक पार्क, प्रशिक्षण केंद्र, पर्यटनाचा प्रचार, एक रस्ता. मग मी स्वतःला विचारतो, दुसरं प्रकरण फाडून टाकलं तर या यादीतलं एक तरी काम बदलेल का? दहातल्या नऊ मसुद्यांत काहीही बदलत नाही.

चूक सिद्धांत समजण्यात नसते, क्रमात असते. आधी सिद्धांत निवडला जातो, मग त्याला शोभेल अशी आकडेवारी गोळा होते आणि कामं तर सुरुवातीपासूनच कोणाच्या तरी मनात ठरलेली असतात. खालचा क्रम याच्या उलटा आहे. स्वतःची निवडून आलेली यंत्रणा आणि स्वतःचं अंदाजपत्रक असलेल्या कुठल्याही प्रादेशिक समुदायाला तो लागू पडतो, मग ते छोटं शहर असो की एकत्र आलेल्या गावांचा गट.

## तयारी: बैठक बोलावण्याआधी काय हाताशी हवं

पाच गोष्टी गोळा होईपर्यंत एकही बैठक घेऊ नका. आकडे नसताना बैठक घेतली की ज्याचा आवाज मोठा त्याचा सिद्धांत खरा ठरतो.

१. क्षेत्रनिहाय (म्हणजे धंद्यानुसार) रोजगाराचे आकडे, किमान पाच वर्षांच्या अंतराने दोन वेळचे; समुदायाचे आणि संपूर्ण देशाचेही.
२. राहणारे किती जण बाहेर कामाला जातात आणि बाहेरचे किती जण इथे येतात.
३. समुदायाची मागची तीन अंदाजपत्रकं. स्वतःचं उत्पन्न आणि वरून आलेलं अनुदान वेगळं काढून.
४. पंधरा-वीस व्यावसायिकांकडून दोनच प्रश्नांची उत्तरं: माल कुठून घेता, कोणाला विकता?
५. पडून असलेल्या जमिनी आणि इमारतींची यादी, मालकाच्या नोंदीसह.

चौथ्या कामाला सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि नेमकं तेच टाळलं जातं. छापील प्रश्नावली पाठवली तर उत्तरं येत नाहीत. माणसासमोर बसून, चालू महिन्याची बिलं समोर ठेवून विचारलं तर अर्ध्या तासात काम होतं. नफा विचारू नका. नफ्याचा प्रश्न निघाला की पुढची सगळी उत्तरं गोलमाल होतात.

सावधान: दोन वर्षांचे आकडे एकाच वर्गीकरणातले आहेत का, ते पाहा. संयुक्त राष्ट्रांच्या उद्योग वर्गीकरणाची चौथी आवृत्ती २००८ मध्ये आली आणि पुढच्या काळात अनेक देशांनी आपली वर्गवारी तिला जुळवून घेतली. अशा बदलाच्या अलीकडचा आणि पलीकडचा आकडा शेजारी ठेवला तर कागदावर एखादा उद्योग बुडालेला दिसतो. प्रत्यक्षात त्याचा फक्त रकाना बदललेला असतो.

## टप्पा १: हद्द ठरवा

प्रशासकीय हद्द आणि आर्थिक हद्द क्वचितच एक असते. लोक राहतात एका बाजूला, कमावतात दुसरीकडे आणि खर्च तिसरीकडे करतात. आराखडा प्रशासकीय हद्दीचाच होणार, कारण अधिकार तिथपर्यंतच चालतात. विश्लेषण मात्र कामाला जाण्यायेण्याच्या पट्ट्याचं करावं लागतं.

जिथे हद्दी नव्याने आखल्या आहेत तिथे आणखी एक अडचण येते. युक्रेनमध्ये २०१४ नंतरच्या विकेंद्रीकरणात अकरा हजारांच्या आसपास स्थानिक परिषदा एकत्र करून २०२० पर्यंत चौदाशेच्या वर प्रादेशिक समुदाय तयार झाले. अशा समुदायाची दहा वर्षांपूर्वीची आकडेवारी तयार मिळणार नाही. ती जुन्या घटकांच्या आकड्यांची बेरीज करून उभी करावी लागते. बेरीज शक्य नसेल तर टप्पा ४ (त्यात दोन वेळच्या आकड्यांची तुलना आहे) सरळ वगळा. अंदाजाने भरलेला तक्ता कोरा सोडलेल्या तक्त्यापेक्षा जास्त नुकसान करतो.

तपासणी: राहणाऱ्या कामकऱ्यांपैकी एकतृतीयांशाहून जास्त लोक रोज बाहेर जात असतील, तर शेजारच्या शहराला बाजूला ठेवून केलेलं पुढचं कुठलंही गणित मानू नका. एकतृतीयांश ही माझी हाताशी धरलेली रेघ आहे, शास्त्रीय मर्यादा नव्हे.

## टप्पा २: पैशाचा नकाशा काढा

सगळ्यात जास्त दिवस या टप्प्याला द्या. मोठ्या कागदावर मधोमध एक वर्तुळ काढा. आत येणारे बाण: बाहेर विकलेला माल, बाहेर काम करणाऱ्यांचे पगार, निवृत्तिवेतन, नातेवाइकांनी पाठवलेले पैसे, अनुदान, पाहुण्यांचा खर्च. बाहेर जाणारे बाण: कच्चा माल, वीज आणि इंधन, कर्जाचं व्याज, बाहेर राहणाऱ्या मालकांचा नफा आणि भाडं, बाहेर केलेली खरेदी. प्रत्येक बाणावर आकडा लिहा, ढोबळ चालेल. आकडा माहीत नसेल तर बाणाची जाडी तरी ठरवा.

नकाशा काढल्यावर काय दिसतं, ते एका कल्पित लाकूडकाम कारखान्यावरून पाहू. त्याचा सगळा माल बाहेर जातो, म्हणून सगळे त्याला समुदायाचा कणा म्हणतात. समजा, विक्री १००. त्यातले ५५ लाकडाचे, लाकूड बाहेरचं. १० वीज आणि वाहतुकीचे. ९ यंत्रांचं भाडं, बाहेरून होणारी दुरुस्ती आणि व्याज. ६ मालकाचे, तो दूरच्या शहरात राहतो. उरले मजुरीचे २०. कामगारांतले बरेचजण शेजारच्या हद्दीतून येतात, त्यांच्याबरोबर ८ जातात. समुदायात राहिले १२. आता त्याच्या शेजारी दुरुस्तीचं एक छोटं वर्कशॉप ठेवा. त्याची विक्री ३०, पण त्यातले १९ इथेच राहतात. कणा कोणता?

आर्थिक पाया सिद्धांत म्हणतो की प्रदेश वाढतो तो बाहेर विकून. अर्थतज्ज्ञ डग्लस नॉर्थ यांनी १९५५ मध्ये ही मांडणी केली. चार्ल्स टीबू यांनी लगेच पुढच्या वर्षी आक्षेप घेतला: संपूर्ण जग कोणालाच निर्यात करत नाही, तरी त्याचं उत्पन्न वाढतंच की! वादातून आपल्या कामाचा मुद्दा एवढाच निघतो: घटक जितका लहान, तितकं बाहेरच्या पैशावर अवलंबून राहणं जास्त. चार हजार कामकऱ्यांच्या समुदायात नॉर्थ यांची बाजू जड असते. पण आलेला पैसा किती टिकतो, हा प्रश्न त्यांच्या सिद्धांतातून सुटत नाही. त्यासाठी हा नकाशा लागतो.

नेहमीची चूक: निवृत्तिवेतन आणि अनुदान यांना 'अर्थव्यवस्था' न मानणं. कित्येक छोट्या समुदायांत आत येणारा सर्वांत जाड बाण तोच असतो.

## टप्पा ३: स्थानीकरण गुणांक काढा

एखादं क्षेत्र इथे देशाच्या तुलनेत किती एकवटलेलं आहे, हे सांगणारा हा साधा भागाकार आहे. एकूण कामकरी ४,०००, त्यातले लाकूडकामात ६००, म्हणजे १५ टक्के. देशात हे प्रमाण ५ टक्के असेल तर गुणांक १५ भागिले ५, म्हणजे ३. एकपेक्षा जास्त आला की ते क्षेत्र बहुधा बाहेर माल विकतं, असं धरायचं. देशाच्या प्रमाणात इथे २०० जण पुरले असते. वरचे ४०० बाहेरून पैसा आणणारे, असा हिशेब.

गणित सोपं असल्यामुळे लोक निकालावर डोळे झाकून विश्वास ठेवतात. एका मसुद्यात एका सेवाक्षेत्राचा गुणांक ९ आला होता आणि त्यावर अख्खं प्रकरण बेतलं होतं. खोदून पाहिलं तेव्हा ती सुरक्षारक्षक पुरवणारी एक कंपनी निघाली. नोंदणी इथली, रक्षक भलतीकडेच उभे.

गुणांक लिहिण्याआधी तीन गोष्टी पाहा. त्या क्षेत्रात प्रत्यक्षात किती माणसं आहेत? नऊ माणसांचा गुणांक ६ आला तरी त्याला अर्थ नाही. ती माणसं एकाच कंपनीत आहेत की अनेक? आणि तयारीत घेतलेल्या मुलाखती काय सांगतात? गुणांक ३ असूनही व्यावसायिक 'आम्ही इथेच विकतो' म्हणत असतील, तर मुलाखतीवर विश्वास ठेवा.

यापुढची पायरी धोक्याची आहे आणि तिथे मी स्वतः घसरलो आहे. सर्व क्षेत्रांतले 'बाहेरून पैसा आणणारे' मिळून १,००० आले, एकूण रोजगार ४,०००, म्हणून गुणक ४. एका नव्या निर्यातक्षम नोकरीमागे आणखी तीन नोकऱ्या, असं मी एका आराखड्यात लिहून मोकळा झालो. त्या 'आणखी तीन' नोकऱ्यांतला मोठा हिस्सा निवृत्तिवेतनाच्या आणि अनुदानाच्या पैशावर उभा होता आणि तो पैसा माझ्या छेदात कुठेच नव्हता. गुणक फुगलेला होता. एका जुन्या लेखापालांनी भर बैठकीत विचारलं, "म्हणजे हजार माणसांचे पगार बाकी तीन हजारांना पोसतात?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

## टप्पा ४: वाढ कोणाची, ते वेगळं काढा

शिफ्ट-शेअर पद्धत रोजगारातला बदल तीन भागांत मोडते. एका क्षेत्रात पाच वर्षांत ५०० चे ५६० झाले. देशातला एकूण रोजगार १० टक्क्यांनी वाढला. त्या हिशेबाने इथेही ५० वाढायला हवे होते. पण ते क्षेत्र देशभरात फक्त ४ टक्क्यांनी वाढलं, म्हणजे सरासरीपेक्षा ६ टक्के कमी: उणे ३०. इथे मात्र ते १२ टक्क्यांनी वाढलं, क्षेत्राच्या देशातल्या गतीपेक्षा ८ टक्के जास्त: अधिक ४०. पन्नास उणे तीस अधिक चाळीस, झाले साठ.

तिसरा आकडा स्थानिक. तो अधिक असेल तर इथे काहीतरी वेगळं घडतंय, एवढंच तो सांगतो. काय घडतंय ते सांगत नाही. कारण शोधायला पुन्हा माणसांकडे जावं लागतं.

तपासणी: तिन्हींची बेरीज प्रत्यक्ष बदलाइतकी यायलाच हवी. येत नसेल तर आकडेमोड चुकली आहे. समुदायाचं आणि देशाचं पहिलं वर्ष एकच आहे का, ते मात्र वेगळं पाहा; बेरजेतून ते कळत नाही.

## टप्पा ५: आता सिद्धांत निवडा

इथवर आल्यावर निवड फारशी अवघड राहत नाही, कारण दुखणं दिसू लागलेलं असतं.

पैसा येतो पण टिकत नाही. अल्बर्ट हिर्शमन यांची दुव्यांची कल्पना घ्या. मागचे दुवे म्हणजे उद्योग काय काय विकत घेतो, पुढचे म्हणजे त्याचा माल पुढे कोण वापरतं. नकाशावरचे बाहेर जाणारे बाण जाडीनुसार लावा आणि प्रत्येकाला विचारा: हे इथे करता येईल का? बहुतेकांचं उत्तर 'नाही' येईल. वीज इथे तयार होणार नाही, पण दुरुस्ती, पॅकिंग, हिशेब, वाहतूक यांतलं एखादं होऊ शकतं.

पैसा येतच नाही. आर्थिक पाया. नवं काही आणण्याआधी, आज बाहेर थोडंफार विकणारे कोण आहेत आणि त्यांचं कुठे अडतंय ते पाहा.

एकाच धंद्यातले अनेक छोटे लोक आहेत. इथे क्लस्टर हा शब्द वापरायला हरकत नाही, पण आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्ये सांगितलेली तीन कारणं तपासून मगच. कसबी कामगारांचा साठा आहे का? त्या धंद्याला लागणारे खास पुरवठादार जवळ आहेत का? एकाची युक्ती दुसऱ्यापर्यंत आपोआप पोचते का? इटलीतल्या प्रातो शहरात लोकरीच्या कापडाचं काम असं वाटून घेतलेलं होतं की सूत एक कारखाना काती, विणकाम दुसरा करी, रंगाई तिसरा. त्याला क्लस्टर म्हणतात. एका कुंपणात भाड्याने दिलेले वीस असंबंधित गाळे म्हणजे वीस गाळेच.

एक मोठा प्रकल्प येऊ घातला आहे. विकास ध्रुव सिद्धांत (एक मोठा उद्योग इतर उद्योगांची वाढ ओढून आणतो) सगळ्यात जास्त चुकीचा वापरला जातो तो इथे. फ्रान्स्वा पेरू यांचा ध्रुव मुळात आर्थिक अवकाशातला होता, म्हणजे उद्योगांच्या परस्पर व्यवहारांच्या जाळ्यातला. नकाशावरच्या ठिपक्याबद्दल ते बोलत नव्हते. नंतर धोरणकर्त्यांनी तो ठिपका केला. दक्षिण इटलीतल्या तारांतोमध्ये १९६० च्या दशकात सरकारी मालकीचा प्रचंड पोलाद कारखाना उभा राहिला. लोहखनिज आणि कोळसा समुद्रमार्गे बाहेरून. नोकऱ्या आल्या, पण आजूबाजूला अपेक्षित उद्योगांचं जाळं विणलं गेलं नाही. दक्षिणेतल्या अशा प्रकल्पांना इटलीत 'वाळवंटातली कॅथेड्रल' असं नावच पडलं. म्हणून मोठ्या प्रकल्पाला पहिला प्रश्न त्याच्या खरेदीच्या यादीबद्दल विचारा, किती नोकऱ्या देणार ते नंतर.

प्रश्न सेवांचा आहे. दवाखाना, माध्यमिक शाळा, बाजार कुठे असावा? वॉल्टर क्रिस्टालर यांच्या १९३३ च्या मध्यवर्ती स्थान सिद्धांतातल्या दोन कल्पना पुरेशा आहेत. सेवा टिकायला किमान किती गिऱ्हाईक लागतं, आणि त्या सेवेसाठी माणूस किती दूर जायला तयार असतो. त्यांच्या नकाशातले सेवाक्षेत्रांचे षटकोन काढत बसू नका.

शेजारी मोठं शहर आहे. गुन्नार मिर्दाल यांनी १९५७ मध्ये दाखवलेले दोन उलट प्रवाह तपासा: केंद्राची वाढ बाहेर पसरते, तशीच ती आजूबाजूची माणसं आणि भांडवल ओढूनही घेते. नवा रस्ता दोन्हींना वाट करून देतो. रस्ता झाल्यावर इथला माल तिकडे जाईल की इथलं गिऱ्हाईक? तयारीतल्या मुलाखतींत याचं उत्तर असतंच.

एकच मुख्य सिद्धांत घ्या, आणि दुसरा त्याच्या विरोधात बोलणारा. दुव्यांचा सिद्धांत मुख्य असेल तर मिर्दाल यांना विरोधी बाकावर बसवा. तीन घेतले की प्रत्येक कामाला कुठला तरी सिद्धांत सापडतो आणि गाळणी संपते.

## टप्पा ६: सिद्धांताचं एक वाक्य करा

ते वाक्य असं असावं: 'अमुक केलं तर तमुक होईल, कारण अमुक, आणि इतक्या महिन्यांत ते दिसलं नाही तर आमचं चुकलं.' उदाहरणार्थ: 'तीन लाकूडकाम कारखान्यांच्या यंत्रदुरुस्तीचं काम इथल्या वर्कशॉपना मिळालं तर दर १०० च्या विक्रीमागे इथे राहणारी रक्कम १२ वरून १५ होईल, कारण दुरुस्तीचं कसब इथे आहे, फक्त सुटे भाग वेळेवर मिळत नाहीत, आणि १८ महिन्यांत निदान एका कारखान्याने काम इथे दिलं नाही तर आमचं चुकलं.'

'आमचं चुकलं' हा भाग बैठकीत खोडला जातो. तो राहील तितका राहू द्या.

तपासणी: वाक्यात शेजारच्या समुदायाचं नाव घालून वाचा. तरीही खरं वाटत असेल तर टप्पा २ कडे परत जा.

## टप्पा ७: अधिकार मोजा, मग कामं निवडा

समुदायाच्या हातात नेमकं काय आहे? स्वतःची खरेदी, स्वतःची जमीन, परवानग्या, स्थानिक करांचा काही भाग, काही सेवा. व्याजदर, चलन, राष्ट्रीय महामार्ग हातात नाहीत. प्रत्येक प्रस्तावित कामापुढे लिहा: हे कोणत्या अधिकाराने करणार? उत्तर 'पाठपुरावा करू' असेल तर ते काम परिशिष्टात टाका.

करसवलत द्यायचा मोह इथेच होतो. ती देण्याआधी पाहा की येणारा उद्योग शेजारच्या समुदायातून उठून तर येत नाही. दोघांनीही सवलत दिली की उद्योग तिथेच राहतो आणि दोघांचा कर जातो.

मग उरलेल्या कामांचा स्थानिक गुणक काढा, म्हणजे खर्च केलेला पैसा इथेच किती फिरतो ते. लंडनच्या न्यू इकॉनॉमिक्स फाउंडेशनची तीन फेऱ्यांची रीत छोट्या समुदायाला झेपते. १०० खर्च केले, त्यातले ४० इथल्या लोकांकडे गेले, त्यांनी त्यातले १६ इथेच खर्च केले. बेरीज १५६ भागिले १००, म्हणजे १.५६. दर फेरीत ४० ऐवजी ६० टक्के टिकले असते तर १.९६. पहिल्या फेरीचे आकडे स्वतःच्या बिलांतून मिळतात, दुसरीसाठी कंत्राटदारांना आणि कर्मचाऱ्यांना विचारावं लागतं.

सावधान: नव्या कामातून आलेल्या नोकऱ्यांमधून दोन वजाबाक्या करायच्याच. आपण काही केलं नसतं तरी ज्या आल्या असत्या त्या, आणि इथल्याच दुसऱ्या व्यावसायिकाकडून हिसकावल्या गेलेल्या.

## टप्पा ८: मोजणीची तारीख आराखड्यातच लिहा

तीन आकडे पुरेत: टप्पा ६ च्या वाक्यातला आकडा, निवडलेल्या क्षेत्रातली माणसं (गुणांक नव्हे, माणसं), आणि स्थानिक खरेदीचा टक्का. कोण मोजणार त्या पदाचं नाव, कोणत्या महिन्यात, कोणत्या कागदावरून. आजचा पैशाचा नकाशा, मुलाखतींच्या नोंदी आणि वर्गीकरणाची आवृत्ती एकाच फायलीत ठेवा आणि तिची एक प्रत आराखडा न करणाऱ्या माणसाकडे द्या. दोन वर्षांनी आराखडा करणारे बदललेले असतात आणि नवे लोक वर्गवारी पुन्हा पहिल्यापासून लावायला बसतात.

विरोधी बाकावरच्या सिद्धांतासाठीही एक आकडा ठेवा. मिर्दाल असतील तर बाहेर कामाला जाणाऱ्यांची संख्या. ती वाढत असेल आणि मुख्य आकडा जागचा हलत नसेल, तर १८ महिने संपायची वाट न पाहता टप्पा ५ पुन्हा करा.